पाच घरांचं जहाज

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, एवढी चकाचक जहाजं असताना तू हे जुनंच का निवडलंस? याच्यावर घसरगुंडीसुद्धा नाही." उत्तर द्यायला लागले तर आवाज तुटायला लागला, आणि ईशानला क्लासला जायचं होतं. म्हणून आता सावकाश लिहिते. तुम्ही अजून अशा जहाजावर गेलेला नाहीत. पुढेमागे जाल, तेव्हा उपयोगी पडेल.

धाराशिव

तुमच्या बाबांनी तीन जहाजांची माहिती पाठवली होती. तिन्ही मुंबईहून निघणारी, कुठंही न थांबता समुद्रात दोन दिवस फिरवून परत आणणारी. तिन्हींच्या माहितीत तेच सूर्यास्त, तीच नाचणारी माणसं आणि तेच फळांचे कोरलेले मोर. मी ते सगळं बाजूला ठेवलं आणि मजल्यांचे नकाशे तेवढे घेऊन बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. नकाशे मोठे करून देताना तो म्हणाला, "मॅडम, अपार्टमेंट बांधताय का?"

"जहाज निवडतेय."

त्यानं कागद उलटासुलटा करून बघितला. "पार्किंग कुठंय याच्यात?"

घरी येऊन मी ते तिन्ही नकाशे जेवणाच्या टेबलावर पसरले आणि रंगीत पेन्सिली घेतल्या. झोपायच्या खोल्यांना पिवळा, जेवणाच्या जागांना हिरवा आणि बसायच्या जागांना निळा. मला बघायच्या होत्या त्या निळ्या जागा. त्या जागांना ते लोक लाउंज म्हणतात.

हे खूळ मूळचं तुमच्या आजोबांचं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं शाळेची सहल घेऊन मुंबईला गेलो होतो. बंदराजवळ लांबवर एक पांढरं जहाज उभं होतं. मुलं विचारत होती, हे कुठं जातं, किती माणसं मावतात, बुडत कसं नाही. आजोबा भूगोलाचे शिक्षक, त्यांना सगळी उत्तरं येत होती. ती देऊन झाल्यावर माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "पण आत बसायला कुठं असेल गं?" त्यांना ओटा दिसला की टेकल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. कुणाकडं जाऊन आलो की त्या घराच्या फर्निचरबद्दल किंवा रंगाबद्दल एक शब्द नसायचा. "बसायला बरं आहे" किंवा "बसायला काही नाही", एवढाच निकाल. धाराशिवला भाड्याच्या खोल्या बघत फिरत होतो तेव्हा चांगल्या चार खोल्या त्यांनी एवढ्यासाठी नाकारल्या. शेवटी जी घेतली तिला नळ नव्हता, पण पुढं दगडी ओटा होता. पाणी मी दोन गल्ल्या पलीकडून आणत असे, आणि तरीही त्या ओट्यावरच्या संध्याकाळी आठवल्या की मला घागर आठवत नाही.

तर निळ्या जागा. पहिलं जहाज सगळ्यांत मोठं. लाउंज मधोमध, दोन्ही बाजूंनी जिने, चारही बाजूंनी येणंजाणं. शाळेच्या स्टाफरूममध्ये बत्तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ज्या खोलीला दोन दारं असतात तिथं कुणी बसत नाही, सगळे नुसते तिथून जातात. पहिलं जहाज बाद.

दुसरं जहाज नवंकोरं. लाउंज सगळ्यांत वर, भिंती काचेच्या. फोटोत फार सुंदर. पण खोल्या खाली, एका टोकाला, आणि लिफ्टमधून बाहेर पडलं की जुगाराची खोली ओलांडल्याशिवाय वर पोचता येत नव्हतं. शिवाय सगळ्या खुर्च्या स्टेजकडे तोंड करून. समुद्राला पाठ करून बसायचं, तर मग धाराशिवचं नाट्यगृह काय वाईट?

तिसरं हे जुनं. त्याच्या मागच्या टोकाला अर्धगोल लाउंज होतं, दार एकच. खिडक्यांच्या कडेनं छोटे छोटे कोनाडे, प्रत्येकात समोरासमोर दोन सोफे आणि मध्ये टेबल. नकाशावर ते शेंगेतल्या वाटाण्यांसारखे दिसत होते. आमची खोली त्याच मजल्यावर, लिफ्टची गरज नाही. मी मनाशी ठरवूनच टाकलं, की शेवटच्या कोनाड्यात पाय वर घेऊन पुस्तक वाचायचं. कुणी येणार नाही, कुणी जाणार नाही. त्याच संध्याकाळी तुमच्या बाबांना कळवलं आणि त्यांनी तिकिटं काढली.

तुळजापूर

माझ्याबरोबर यायच्या होत्या तुमच्या शकूआत्याआजी. आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. तुळजापूरच्या जवळच त्यांचं शेत आणि घर. समुद्र त्यांनी तोवर कधी बघितलेला नव्हता. आजोबा गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींकडं जास्त जातो. त्यांच्याविषयी बोलायला दोघींना दुसरं माणूस उरलेलं नाही.

मी पोचले तेव्हा वन्सं अंगणात ज्वारी चाळत होत्या. मी उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी चाळण थांबवली नाही.

"निघायचं कधी?"

"सोमवारी दुपारी. गुरुवारी सकाळी परत मुंबईला."

चाळण थांबली. "म्हंजी मंगळवार पान्यात."

मी खिडक्या पाहिल्या होत्या, दारं मोजली होती, लिफ्ट तपासली होती. वार बघितला नव्हता.

तुम्हाला हे सांगायला हवं. वन्सं भवानीआईच्या आराधी आहेत. दर मंगळवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन त्या पाच घरी जोगवा मागतात. परडी म्हणजे वेताची पसरट टोपली, देवीची. लोक तिच्यात पीठमीठ, धान्य, जे असेल ते मूठभर घालतात आणि वन्सं त्यांना हळदकुंकू लावतात. पाच घरं होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही. आलेलं खायचं, कच्चं असेल तर शिजवून, मग उपास सुटतो. हे व्रत त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या असताना घेतलं, धाकटा भाऊ तापानं फणफणला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते म्हणून. तो भाऊ म्हणजे तुमचे आजोबा. तो बरा झाला, शिकला, मास्तर झाला, माझ्याशी लग्न केलं. आणि प्रत्येक मंगळवारी ही बहीण कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी राहिली. पुष्कळदा आमच्याही. तुमचे बाबा लहान असताना वन्संची हाक ऐकू आली की वाटीभर पीठ घेऊन पळत सुटायचे, आणि अर्धं पीठ ओट्यावर सांडायचे. तेव्हा गल्लीत दारं दिवसभर उघडीच असायची. हाक गल्लीच्या तोंडाशी आली की आतल्या बायका हातातलं टाकून उठायच्या.

आजोबा गेल्यावर मी एकदा भीतभीत विचारलं होतं, "वन्सं, ज्याच्यासाठी मागत होता तो तर गेला. आता कशासाठी?" त्या म्हणाल्या, "मागितला तवा मुदत घातली न्हवती."

आता अंगणात बसून त्या म्हणाल्या, "हुकायचा असंल तर म्या येत न्हाय सुमन. तू जा. समुद्र काय पळून चाललाय व्हय?"

मी पिशवीतून नकाशा काढला आणि ज्वारीशेजारी पसरला. वन्संनी चष्मा लावला.

"ही एवढी दारं? तुरुंग हाय का?"

"खोल्या आहेत प्रवाशांच्या."

"चूल कुठंय?"

"चूल सगळ्यांची एकच, वरच्या मजल्यावर."

"मग ती घरं न्हाईत. झोपायच्या जागा." त्यांचं बोट नकाशावरून सरकत मागच्या टोकाला गेलं. "आन् हे निळं?"

"बसायची खोली. हे छोटे छोटे कोनाडे आहेत."

"बाया बसत्यात?"

"बसत असतील की."

त्यांनी जरा विचार केला. "बाई जिथं निवांत बसली ते तिचं घर. हे चालंल. हितं पाच बाया घावल्या की झालं." आणि चाळण पुन्हा सुरू केली. "पन मास्तरीणबाई, खोली चांगली हुडकलीस."

मी नकाशाची घडी घातली. ज्या खोलीत कुणी येऊ नये म्हणून मी ती निवडली होती, तिथं आता जोगवा मागितला जाणार होता. वाटलं, त्या मागतील, मी दुसरीकडं वाचत बसेन.

सोमवार, मुंबई

बंदरावर सामान यंत्रातून जातं, विमानतळावर जातं तसं. घरी शिजवलेला डबा चालत नाही, कोरडा खाऊ चालतो. आमचा चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी सुटली. परडी अडली. पहारेकऱ्यानं हळदीची डबी उघडून वास घेतला. "ये क्या है अम्मा?"

"आई हाय," वन्सं म्हणाल्या.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं डबीचं झाकण लावलं, बोट कपाळाला टेकवलं आणि परडी दोन्ही हातांनी परत दिली.

आमची खोली नीटनेटकी होती. पलंगावर टॉवेल घडी घालून त्याचा हत्ती करून ठेवला होता. संध्याकाळी आंघोळीला टॉवेल हवा होता, पण वन्सं तो उलगडू देईनात. "गनपती हाय त्यो. मोडू नगंस." सबंध प्रवासात आम्ही दोघींनी एकाच टॉवेलवर काढलं आणि गणपती आरशासमोर बसून राहिला.

आणि लाउंज. नकाशात न दाखवलेला एक जाडजूड खांब सोडला तर ते माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. खिडक्या खाली गुडघ्यापर्यंत. सोफ्यावर बसल्यावर समुद्र थेट मांडीला लागलेला. सोफ्यांची पाठ ठेंगणी, त्यामुळे मागच्या कोनाड्यातलं बोलणं ऐकू येई, ते मात्र मला आवडलं नाही. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून माणसं एकमेकांशी बोलत होती. वन्सं मधोमध उभ्या राहून सगळीकडं नजर फिरवत म्हणाल्या, "ही तर ढाळज झाली की."

ढाळज म्हणजे आपल्याकडं जुन्या घरांच्या पुढच्या दाराशी असते ती छपराची, उंच बसायची जागा. आल्यागेल्याला तिथं बसवतात. माझ्या सासरी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा बी.ए. झालेली, इंग्रजी बोलणारी सून, पण ढाळजेतून जाताना पदर सावरून मान खाली घालून भराभर निघून जायची, कारण तिथं सासरे आणि त्यांचे मित्र बसलेले असायचे. वन्संनाही तेच आठवलं असावं. "तिथं बाप्ये बसायचे. हितं बघ, समद्या बायाच हाईत," त्या म्हणाल्या, आणि पहिल्याच सोफ्यावर मांडी घालून बसल्या.

रात्रीच्या जेवणात पदार्थ मोजता येणार नाहीत एवढे होते. वन्संनी सगळे बघितले आणि वरणभात घेतला. "लई हाय," त्या म्हणाल्या. "पन तिखट कुठंच न्हाय. आजाऱ्याचं जेवान हाय समदं." चटणीची डबी पदराखालून बाहेर आली.

मंगळवार, समुद्रात

सकाळी जहाज डोलायला लागलं होतं. मला बसच्या घाटाएवढंच वाटलं. वन्संना मात्र उभं राहवेना. त्यांनी कशीबशी आंघोळ केली, माळ घातली, परडी मांडली आणि तशाच पलंगावर कलल्या. पोटात काही नव्हतंच, तरी उलट्या होत होत्या. जहाजावरच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. गोळी दिली, तीही पडली.

"यांना काहीतरी खायला घाला," त्या मला म्हणाल्या. "थोडंसं कोरडं, एखादं बिस्किट. रिकाम्या पोटी गोळी टिकणार नाही. या वयात पाणी कमी झालं तर मला सलाईन लावावं लागेल."

मी बिस्किट पुढं केलं. वन्संनी मान फिरवली. "पाच घरं झाली न्हाईत."

"वन्सं, आजच्या दिवस देवी समजून घेईल."

"समजून घेतीय म्हनून फसवायचं व्हय तिला?"

दुपार झाली. त्यांचे ओठ सुकले होते. पाण्याचा घोट जाई आणि परत येई. मी दोनदा बिस्किटाचा चुरा करून वाटीत ठेवला, दोनदा टाकून दिला. हात लावून बघितला तर पाय गार. मला एकदम भीती वाटली. आजोबांच्या माणसांपैकी एवढंच उरलेलं, आणि ते मी हौसेनं समुद्रात आणून आजारी पाडलं होतं.

"दुसऱ्या कुणी मागितला तर चालतो का?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "घरचीच बाई पायजे. सून ऱ्हायली पुन्याला." जरा थांबून म्हणाल्या, "तू हायस."

"मला नाही येत ते."

"मागायला काय शाळा असती का? हात लांब करायचा." त्यांनी पडल्या पडल्याच माळ काढली आणि मला वाकायला लावून गळ्यात घातली. कवड्या अजून त्यांच्या अंगानं ऊन होत्या. "चप्पल काढ. आन् वळून बघू नगंस."

लाउंजपर्यंतचा बोळ फार लांब नव्हता. मीच तो नकाशावर बोटानं मोजला होता. अनवाणी पायांखाली गालिचा मऊ लागत होता आणि जमीन हळूहळू डावीउजवीकडं कलत होती. दाराशी जाऊन उभी राहिले. एकच दार, म्हणून गुपचूप कुठून कडेनं शिरायची सोय नाही. आत गेले तशी सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. इस्त्रीची सुती साडी, चष्मा, मनगटावर घड्याळ, गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी.

पहिल्या कोनाड्यात एक गुजराती सासू आणि सून पत्ते खेळत होत्या. मी सवयीनं इंग्रजीत सुरुवात केली. माझ्या नणंदेचं व्रत, तिची तब्येत, पाच घरांची अट, सगळं ओळीनं सांगितलं, आठवीच्या वर्गाला धडा समजावावा तसं. सासूबाईंनी पत्ते पालथे ठेवून ऐकून घेतलं आणि सुनेकडं वळून म्हणाल्या, "माताजी का है. इतना लंबा क्यों बोल रही है?" सुनेनं डब्यातले खाखरे काढून परडीत ठेवले. एक घर झालं.

दुसऱ्या कोनाड्यात केरळच्या एक बाई विणत बसल्या होत्या. त्यांना माझं बोलणं किती कळलं कोण जाणे, पण केळ्याचे वेफर्स त्यांनी ओंजळीनं घातले. दोन.

तिसऱ्यात पुण्याच्या दोघी मैत्रिणी. त्यातली एक टाळ्या वाजवत उठलीच. "अय्या, किती मस्त! फॅन्सी ड्रेस कुठे आहे? आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"

"फॅन्सी ड्रेस नाही," मी म्हणाले. "माझी नणंद खोलीत उपाशी पडली आहे. पाच जणींनी घातल्याशिवाय ती खाणार नाही."

तिचे हात खाली आले. तिनं पर्स उपसली, तिच्यात काही सापडेना, तेव्हा तिच्या मैत्रिणीनं डिंकाचे लाडू काढले. आणि मग दोघींपैकी कुणाचं घर धरायचं असा पेच माझ्या मनात आला. ती टाळीवाली घाबरतच म्हणाली, "आम्ही वेगवेगळ्या सोसायटीत राहतो, चालेल का?" तिनं आपल्या वाटणीचा एक लाडू मैत्रिणीकडून मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं घातला. अशी चार झाली.

चौथ्या कोनाड्यात एक गृहस्थ मोबाइलवर पूर्वीच उतरवून ठेवलेला सिनेमा बघत होते, शेजारी त्यांची बायको. ती परडीकडं बघत होती. गृहस्थांनी मान वर न करता हात हलवला. "नॉट इंटरेस्टेड." बायकोनं नजर खाली घातली.

एवढी वर्षं वर्गात मी मुलांना हातानं थांबवत आले. मला असं कुणी थांबवलं नव्हतं. वन्संना असे किती हात दिसले असतील, आणि त्या आमच्या दारात हसतच कशा येत असतील, असं मनात आलं. बाकीचे कोनाडे रिकामे होते. वळून दाराकडं निघणार, तेवढ्यात त्या खांबाच्या मागं, नकाशात नसलेल्या आडोशाला, एक म्हातारी बाई दिसल्या. इरकल साडी, कपाळाला विभूती, डुलकी लागलेली.

मी काही बोलायच्या आतच त्या जाग्या झाल्या. नजर परडीवर गेली. त्यांनी घाईनं चपला काढल्या, टेबलाला धरून त्या डोलत्या जमिनीवर उभ्या राहिल्या आणि डोक्यावरून पदर घेतला.

"बंद्या, तायी?" त्या म्हणाल्या. कानडीत, आलीस का आई, असं. माझ्याशी नव्हे, परडीशी.

मग माझ्याकडं बघून, "तुळजापूर?"

"हो."

"आमी कलबुर्गीकडचे. शरणम्मा. आता बेंगळूरला, मुलाकडं, बाराव्या मजल्यावर." मराठी त्यांची अडखळत येत होती, पण सगळं समजत होतं. "खाली वॉचमन हाय. कुनाला सोडत न्हाय. किती वर्सं झाली, मंगळवारी दारात कोन आलं न्हाय." त्यांनी मला हातानं थांबवलं. "जाऊ नको. थांब हां. जाऊ नको."

त्या भिंतीला धरत आपल्या खोलीकडं गेल्या. मी त्या सगळ्यांसमोर परडी घेऊन उभी राहिले. लाज आता वाटत नव्हती, धास्ती वाटत होती, की त्या वाटेत पडतील. त्या आल्या त्या फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी घेऊन. आपल्याकडं प्रवासाला नेतात तशाच, ज्वारीच्या, पापडासारख्या वाळवलेल्या. दोन भाकरी परडीत ठेवून त्या माझ्या पायांवर वाकल्या.

मी मागं सरकले. "अहो, नको. मी आराधी नाही. मी शाळेत शिकवत होते. नणंदेऐवजी आले आहे."

"आनलं कुनी ते आमी बघत न्हाय," त्या वाकलेल्याच म्हणाल्या. "परडी आली ना दारात?"

आणि त्या उठेनात. कशाची तरी वाट बघत होत्या. मग मला कळलं. चारही जणींना मी कारणं सांगितली होती, आभार मानले होते, पण वन्सं प्रत्येक दारात जे करतात ते केलंच नव्हतं. मी हळदीची डबी उघडली. त्यांच्या कपाळाला बोट टेकवलं आणि शाळेच्या प्रार्थनेला सूचना द्यायचे त्या आवाजात म्हणाले, "आई राजा उदो उदो!"

"उदो उदो!" शरणम्मा म्हणाल्या. पत्त्यांच्या टेबलावरून "जय माताजी" आलं. पुण्याची ती टाळीवाली उठून माझ्यासमोर आली आणि कपाळ पुढं करून उभी राहिली. मग मी पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांकडं गेले, हळदकुंकू लावायला.

खोलीत पाऊल टाकताच वन्सं म्हणाल्या, "किती येळ? गप्पा मारत बसलीस व्हय?"

मी परडी त्यांच्या पुढं ठेवली. त्यांनी एकेक वस्तू हातानं चाचपली. भाकरीवर हात थांबला. "ही कुनी दिली?"

मी सांगितलं. त्यांनी तुकडा मोडला, कपाळाला लावला, तोंडात धरून ठेवला. मग दुसरा. गोळी घेतली. मी त्यांचे गार पाय चोळत बसले. गोळी टिकली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय तिचं," आणि मला जे हसू यायला लागलं ते थांबेना.

"हाकललं का कुनी?"

"एकानं."

"एखादं असतंच. त्याला मोजायचं न्हाय." त्यांनी डोळे मिटले. "पाय दुखलं असतील तुझं. पड जरा."

बुधवार आणि गुरुवार

बुधवारी समुद्र शांत होता. वन्सं माझ्या हाताला धरून लाउंजमध्ये आल्या. मी त्यांना शेवटच्या कोनाड्याकडं नेत होते, पुस्तक बगलेत होतं. पहिल्याच टेबलाशी सासूबाईंनी हाक मारली. त्यांनी आज खाखऱ्यांचं नवं पाकीट उघडून मांडीवर तयार ठेवलं होतं. मी समजावायला लागले की आज बुधवार, आज मागायचं नसतं. वन्संनी मला कोपरानं ढकललं. "मागत कोन हाय? काल त्यांनी घातलं, आज आपुन बसायचं. रीत हाय ती." त्या तिथंच टेकल्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची डबी पत्त्यांच्या मधोमध ठेवली.

त्या दिवशी त्या पाचही घरी बसल्या. केरळच्या बाईंकडं एक शब्द न बोलता अर्धा तास विणकाम बघत. पुण्याच्या दोघींना त्यांनी लाडवात डिंक कमी आहे हे सांगितलं. शरणम्मांकडं गेल्या त्या उठल्याच नाहीत. निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि मध्ये मध्ये दोघींचं हसणं. सोफ्याच्या ठेंगण्या पाठीमुळं ते सगळीकडं ऐकू जात होतं. "नॉट इंटरेस्टेड" म्हणणाऱ्या गृहस्थांची बायको दुपारी एकटीच आली आणि माझ्या शेजारी बसली. तिला तिच्या आजोळची परडी आठवत होती. बोलत बसलो ती जेवायची वेळ झाली. मी पुस्तक एकदा उघडलं होतं, चष्मा ठेवायला.

ईशान, रेवा, घसरगुंडी नव्हती हे खरं. पण एका दाराची, समोरासमोर बसायची खोली होती. मी ती नकाशावर शोधली तेव्हा तिच्यात स्वतःला एकटीच बसलेली बघत होते. तुम्ही नकाशा बघाल तेव्हा त्या खोलीत माणसं बसवून बघा.

गुरुवारी सकाळी मुंबई लागली. बॅगा रात्रीच गेल्या होत्या. कर्ण्यावरून मजल्यांची नावं पुकारत होते, आमच्या मजल्याचं दोनदा पुकारून झालं होतं. दाराशी उभा असलेला कर्मचारी हसत होता, पण घड्याळही बघत होता. मी परडी सांभाळत लाउंजमध्ये गेले. वन्सं एकेका घराचा निरोप घेत पुण्याच्या दोघींपर्यंत पोचल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये बसल्या होत्या, एकीचा हात हातात धरून.

"वन्सं, चला. लोक उतरायला लागले. आपल्या मजल्यावरच्या आपण दोघीच राहिलोय."

त्यांनी मान वळवली नाही.

"तू हो पुढं सुमन," त्या म्हणाल्या. "माझी अजून दोन घरं ऱ्हायलीत."